उलट्या घडीचा पंखा

सोमवार, ५ जानेवारी २०२६

प्रदर्शन उघडेपर्यंत रोज लिहायचं ठरवलं आहे. रोज जमणार नाही, पण काम कसं झालं याची नोंद असावी. नाहीतर सगळं श्रेय उन्मेषच्या नावावर जाईल आणि मी 'गिरगावातले एक हौशी गृहस्थ' म्हणून उरेन. 'हौशी' हा शब्द मागच्या बैठकीत नूपुरने वापरला. परळच्या संग्रहालयात जुन्या हातपंख्यांचं प्रदर्शन ती भरवते आहे. मुलगी हुशार आहे, पण शब्द जपून वापरायची सवय अजून लागलेली नाही. दिवसा मी विमा कंपनीत क्लेम तपासतो आणि उरलेल्या वेळात घडीचे पंखे दुरुस्त करतो. दोन्हीकडे काम एकच, काय कुठे बसत नाही ते शोधायचं. मला कोणी शिकवलं नाही. चोरबाजारातून आणलेला पहिला पंखा सोडवून-जोडून मी शिकलो. हौस म्हणे!

वाटणी अशी झाली. रंगवलेले, कागदी आणि रेशमी पंखे उन्मेषला. तो परदेशात शिकून आला आहे, दादरला त्याचा स्टुडिओ आहे. (मी जिथे काम करतो त्याला माझी बायको नम्रता जेवणाचं टेबल म्हणते, आणि ते तेच आहे.) मला एकच पंखा, मालनताई धैर्यवानांचा. एकच, पण प्रदर्शनातला मुख्य, असं नूपुर म्हणाली. उन्मेषलाही ती असंच काहीतरी म्हणाली असणार.

काल माटुंग्याला जाऊन पंखा आणला. मालनताई म्हणजे जुन्या पाठारे प्रभू घरातल्या, ऐंशी उलटलेल्या, आवाज खणखणीत. कोलंबीचं भानोळं पुढे ठेवलं आणि गोष्ट सांगायला लागल्या. पंखा त्यांच्या आजेसासूबाईंचा. आजेसासरे जहाजाच्या कंपनीत होते, त्यांनी चीनमधून मुद्दाम बायकोसाठी करवून आणलेला. "आमच्याकडे नवी सून आली ना, की हा पंखा तिनं असा..." म्हणून हात वर करून दाखवू लागल्या. मी नम्रपणे थांबवलं. म्हटलं, मालनताई, वस्तूच मला सगळं सांगते. मग मी त्यांना चंदनाच्या जाळीकामाबद्दल थोडं सांगितलं. त्या ऐकत होत्या. निघताना लेबलसाठी आजेसासूबाईंचा जुना फोटो दिला.

पंखा अप्रतिम आहे. याला कागद नाही, कापड नाही, नुसत्या चंदनाच्या काड्या. खाली एका खिळ्यात अडकवलेल्या, आणि वर प्रत्येक काडीतल्या चिरेतून ओवलेल्या रिबिनीने धरलेल्या. रिबीन कुजली आहे, खिळा सैल आहे. काड्यांवर इतकी बारीक जाळी की उजेडासमोर धरली तर लेस वाटावी. तळहाताच्या उबेने अजून वास येतो.

नम्रताने हात पुसून तो उचलला आणि एका झटक्यात उघडला. "बाई! किती सहज उघडतो हो हा. तुमचे बाकीचे कसे अडून बसतात." मी सांगितलं, जुने पंखे असे झटक्याने उघडत नसतात. तिने खाली ठेवला.

शुक्रवार, ९ जानेवारी

आज जे सापडलं ते उन्मेषला त्याच्या भिंगातून दिसलं नसतं.

पंखा उलटा जोडलेला आहे!

पंखा उजव्या हातात धरतात आणि अंगठ्याने वरची काडी बाहेर ढकलतात. काड्या त्या हिशेबानेच एकीवर एक रचलेल्या असतात. हा पंखा उजव्या हातात अडतो. अर्थ उघड आहे. मध्ये कधीतरी कोणा अडाण्याने खिळा काढला आणि काड्या उलट्या रचल्या. दोन्ही टोकांच्या जाड काड्यांना मी 'राखणदार' म्हणतो (हा शब्द माझा). वरच्या राखणदारावर नक्षी एका जागी घासून गुळगुळीत झाली आहे, अंगठ्याएवढा तिरका खळगा. माझा अंगठा त्यात बसत नाही. बाईमाणसाचा अंगठा लहान असणार.

फोटोही पाहिला. आजेसासूबाई खुर्चीत ताठ बसल्या आहेत, नऊवारी, डाव्या नाकपुडीत टपोऱ्या मोत्यांची नथ, चेहऱ्यावर हसू दाबल्यासारखं. उघडा पंखा डाव्या हातात. क्षणभर गोंधळलो. मग उलगडा झाला. त्या काळी फोटो काचेवर काढत. काच उलटी ठेवून छापली की डावं-उजवं बदलतं. उलटा पंखा, उलटा फोटो. सगळं बसलं.

नम्रताला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग तो उघडत होता की छान." बायकांना यातलं तंत्र समजावणं कठीण.

रविवार, ११ जानेवारी

उन्मेष येऊन गेला. "सहज, गिरगावात आलो होतो." सहज कोणी येत नाही. माझं काम बघायला आला होता.

वय चाळीस-बेचाळीस, सुती शर्ट, बाह्या दुमडलेल्या, जणू दिवसभर काहीतरी घडवतच असतो. नम्रताला आल्या आल्या "वहिनी" म्हणाला. याचा दादा कोण?

माझ्या कपाटातले पंखे पाहिले. हाडाच्या काड्यांचा एक आहे, त्याची रिबीन भिंगाखाली धरून बराच वेळ बघत बसला. "ही कोणी ओवली?"

"आम्हीच," मी म्हटलं. तशी रिबिनीची ओवण मी नम्रताला देतो. डोकं माझंच असतं, मापं मी काढून देतो, पण सुईत माझी बोटं जरा जाड पडतात. हे सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची गरज नसते.

"टाके फार सुंदर आहेत. आणि वेगळे. सगळे दुसऱ्या बाजूला कललेत."

नम्रता चहा घेऊन आली ती हसतच. चहा झाल्यावर तिने त्याच्या आग्रहाने अर्धी राहिलेली रिबीन ओवायला घेतली. आता माझ्या टेबलावर दिव्याची जागा ठरलेली आहे, डावीकडे. उजेड डावीकडून यायला हवा, म्हणजे काम करणाऱ्या हाताची सावली कामावर पडत नाही. हा कुठल्याही कारागिराचा पहिला नियम. नम्रताला तो कधी उमगला नाही. ती बसली की स्वतःच्याच सावलीत काम करते आणि मग डोळे दुखतात म्हणते. मधूनच दिवा उचलून उजवीकडे ठेवते, मी परत जागेवर ठेवतो.

तर उन्मेष उठला, त्याने दिवा उचलला आणि टेबलाच्या उजव्या टोकाला ठेवला. नम्रताने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तसं तिने माझ्याकडे शेवटचं कधी पाहिलं होतं, आठवत नाही.

माझ्या घरात येऊन माझा दिवा हलवतो!

तो गेल्यावर मी दिवा जागेवर ठेवला. ती म्हणाली, "त्याला चहात साखर लागत नाही." कोणी विचारलं होतं?

शनिवार, १७ जानेवारी

पंखा सोडवला. खिळा काढला, काड्या पुसल्या, मांडल्या आणि सुलट्या रचल्या. राखणदारांची अदलाबदल केली. आता उजव्या हातात अलगद उघडतो.

नम्रता रिबीन ओवायला बसली, पण पंखा हातात धरून नुसती बघत राहिली.

"अहो, का फिरवलात?"

"चूक होती म्हणून."

"एवढ्या वर्षांत कोणाला चूक वाटली नाही ती?"

"कोणी बघितलं नव्हतं."

"उन्मेषना एकदा विचारायचं तरी."

मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. तिने सुई घेतली.

गुरुवार, २२ जानेवारी

कात्रीवरून वाद. जपानी कात्री, मी मुद्दाम मागवलेली, रेशीमसुद्धा पाण्यासारखं कापते. नम्रताच्या हातात कापतच नाही. रिबीन पात्यांमध्ये दुमडते, कडेचे धागे सुटतात. म्हटलं, धार तू घालवलीस. मी कापून दाखवलं, सपकन. "तुमच्या हातात कापते," म्हणाली आणि नेलकटर शोधायला गेली. नेलकटरने रेशीम कापते ही बाई.

रिबीन मात्र उत्तम झाली आहे. फिकट मोरपिशी, जुन्या धाग्याशी जुळणारी. रंग मी निवडला.

रविवार, २५ जानेवारी

दुपारी नम्रताने विषय काढला. उन्मेषने तिला दादरच्या स्टुडिओत बोलावलंय. आठवड्यातून तीन दुपारी. त्याच्याकडे रेशमी पंख्यांच्या कडा शिवायचं काम साठलंय आणि तसा हात त्याला कुठे मिळत नाही.

"तसा म्हणजे कसा?"

"म्हणाले, तुमच्या टाक्यात... जाऊ दे. तुम्ही हो म्हणाल तर जाईन."

"फोन कधी केला त्याने?"

"केले दोनदा. तुम्ही ऑफिसात होतात."

दोनदा. मी शांतपणे म्हटलं, प्रदर्शन होऊ दे, मग बघू. ती आत जाऊन पोळ्या लाटायला लागली. लाटण्याचा आवाज नेहमीपेक्षा जोरात होता.

तिच्या हातात एवढं काय आहे? हात चांगला आहे, मान्य. पण त्याला दिशा कोणी दिली?

बुधवार, २८ जानेवारी

ऑफिसातून निघून दादरला उतरलो. त्याचा स्टुडिओ कुठे आहे एवढंच पाहायचं होतं. एका जुन्या इमारतीत पहिला मजला. खालून मोठी खिडकी दिसते, चांगला उत्तरेचा उजेड. वर गेलो नाही. समोर उसाचा रस प्यायलो आणि घरी आलो. नम्रताला म्हटलं, मीटिंग होती.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

पंखा संग्रहालयात पोचवला. नूपुरने काचपेटीत ठेवून पाहिला. शेजारी आजेसासूबाईंच्या फोटोची प्रत आणि कार्ड: 'दुरुस्ती: हेरंब गोठोसकर, गिरगाव.' छपाई चांगली आहे. तिने फोटो काढले. मी तिला सांगणारच होतो की पंखा उलटा होता आणि तो मी कसा ओळखला, तेवढ्यात उन्मेष आला.

पेटीसमोर उभा राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "हेरंबराव, जरा बाहेर येता?"

जिन्यात नेलं. आवाज हळू. "हा डावरा पंखा होता ना?"

"उलटा होता. मी सुलटा केला."

"तो डाव्या हातासाठी मुद्दाम करवून घेतलेला होता. मला वाटलं तुम्हाला कळलंच असणार. तुमच्या तर घरातच..."

माझ्या घरातच काय? त्याने वाक्य पुरं केलं नाही. माझं घर त्याच्या वाक्यात येतंच कसं?

"फोटोत डाव्या हातात आहे म्हणून म्हणतोस? फोटो उलटा छापलाय. काच फिरवली की..."

"मग नथ?"

"नथ काय?"

"नथ डावीकडेच आहे. फोटो फिरला असता तर ती उजव्या नाकपुडीत दिसली असती."

जिन्यात पंखा नव्हता. हवा बंद.

तेवढ्यात वरून नूपुर डोकावली. "सर, एक सांगायचं राहिलं. रविवारी उद्घाटन मालनताईच करणार. त्यांच्याकडे पद्धत आहे म्हणे, नवी सून घरात आली की सगळ्यांसमोर हा पंखा डाव्या हाताने उघडते. त्या आजेसासूबाई डावऱ्या होत्या, सासरी सगळे त्यांच्या हातावर मारायचे, म्हणून नवऱ्याने तसा बनवून आणला. किती गोड ना? तर मालनताई तसाच उघडणार, डाव्या हाताने."

उन्मेषने माझ्याकडे पाहिलं नाही. एवढं तरी केलं.

मी म्हटलं, "नूपुर, पंखा दोन दिवस घरी न्यावा लागेल. रिबीन सैल पडली आहे. बायकोने ओवली होती."

उन्मेषने तेव्हा माझ्याकडे पाहिलं.

बुधवार, ४ फेब्रुवारी

रजा टाकली. सकाळभर फोटो भिंगाखाली धरून बसलो. नथ डावीकडेच आहे. मी ती पहिल्या दिवशी पाहिली होती. 'टपोऱ्या मोत्यांची' असं लिहूनही ठेवलं आहे, इथेच, वर. मोती दिसले. क्लेममध्ये असलं काही सापडलं असतं तर मी समोरच्याला सोडला नसता.

उन्मेषला हे कधी कळलं? एकदा बघून. मालनताईंनी त्याला गोष्ट सांगितली असेल, त्याने ऐकून घेतली असेल. त्याच्याकडे वेळच वेळ.

नम्रताला अजून सांगितलेलं नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

सकाळी सांगितलं. म्हटलं, पंखा परत फिरवायचा आहे, रिबीन पुन्हा ओवावी लागेल. ती "बरं" म्हणाली. मला वाटलं होतं निदान 'मी म्हणत होते' एवढं तरी म्हणेल. तेही म्हणाली नाही. ते जास्त लागलं.

तिने ओवलेली रिबीन तिनेच उसवली. मी खिळा काढला, काड्या परत रचल्या, राखणदार आपापल्या जागी. मग उघडून पाहायला गेलो, पंखा अडला. दोनदा प्रयत्न केला. दोन्हीदा अडला.

"द्या इकडे," म्हणाली.

हात पदराला पुसला, घेतला, आणि पंखा उघडला. काही झालंच नाही असा. तिचा अंगठा राखणदारावरच्या त्या खळग्यात बसला होता. तंतोतंत. मी अंगठ्याकडे बघत होतो, मग मनगटाकडे, बांगड्यांकडे, मग कळलं की हा डावा हात आहे.

"तू डावरी आहेस?"

"अहो," ती म्हणाली, "लग्नाला किती वर्षं झाली?"

"पण तू लिहितेस उजव्याने. जेवतेस उजव्याने."

"जेवताना आई डावा हात पदराने बांधून ठेवायची. शाळेत बाई पट्टी मारायच्या. वाढताना तुमच्या आई बघायच्या. शिवताना कोणी बघत नव्हतं. तो राहिला."

मी टेबलाकडे पाहिलं. दिवा डावीकडे, तिच्या हाताची सावली पंख्यावर. कात्री. नेलकटर.

"उन्मेषला कधी सांगितलंस?"

"सांगितलं नाही. टाके बघून विचारलं त्यांनी, त्या दिवशी. तुम्ही आत पंखा आणायला गेला होतात."

एका चहात! मी आत जाऊन बाहेर येईपर्यंत.

ती ओवायला बसली. दिवा हलवावा असं मला वाटलं, पण हलवला नाही. तो हलवला असता तर उन्मेषचं बघून हलवल्यासारखं झालं असतं. ती सावलीतच ओवत राहिली.

रविवार, ८ फेब्रुवारी

उद्घाटन झालं. गर्दी बरी. मालनताई खुर्चीवरून उठल्या, पंखा डाव्या हातात घेतला आणि उघडला. एकाच हिसक्यात. चंदनाचा वास पहिल्या दोन रांगांपर्यंत गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालनताई म्हणाल्या, "आजेसासूबाईंनी मला शिकवलं होतं. मी उजवी, पण यांच्याकडे आल्यावर हे एकच काम डाव्याने करायचं." मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला तर वस्तूच सगळं सांगते ना?" लोक हसले. मीही हसलो.

उन्मेष मागे उभा होता. त्याच्या रेशमी पंख्यांसमोर जास्त लोक होते. मी मोजले नाहीत.

नम्रता निळी साडी नेसली होती. नूपुर तिच्याजवळ आली. "मॅम, तुम्हीच ना रिबीन ओवली? सैल पडली होती म्हणे, आता नीट झाली?"

मी पेटीकडे बघत होतो. काचेत नम्रता दिसत होती. तिने काचेतल्या माझ्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली, "सैल होती. आता घट्ट आहे."

टॅक्सीने घरी आलो. जिना चढताना म्हणाली, "मी उद्यापासून दादरला जाणार आहे." विचारलं नाही, सांगितलं. मी "जा" म्हटलं.

मग नूपुरला मेसेज केला की कार्डावर दुसरं नाव घालायचं आहे. नम्रता गोठोसकर, ओवणकाम. तिने अंगठा पाठवला. उजवा का डावा ते त्या चित्रात कळत नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

ऑफिसातून जरा लवकर आलो. नम्रता दादरहून यायची होती. हाडाच्या पंख्याची राहिलेली रिबीन टेबलावर तशीच होती. बसलो. उठलो. दिवा उचलून टेबलाच्या उजव्या टोकाला ठेवला. वायर पुरेना, बोर्डापर्यंत ताणली, मग टेबलच थोडं सरकवलं. बसून पाहिलं. माझ्याच हाताची सावली पंख्यावर पडली, सुईचं भोक दिसेना. इतकी वर्षं ती हे करत होती.

ती आली, पाय धुतले, चहा टाकला, आणि रिबीन घेऊन बसली. ओवायला लागली. दिव्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मी वाट पाहिली. उन्मेषने हलवला तेव्हा तिने मान वर करून बघितलं होतं.

शेवटी मीच विचारलं, "उन्मेषकडे दिवा कुठे असतो?"

"का?" ती म्हणाली. सुई थांबली नाही. "असाच असतो."